केंद्रकाच्या वेशीवर राखणदार नाही

मागच्या अंकात कांद्याच्या पापुद्र्याबद्दलच्या उत्तरात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं: ‘केंद्रकाच्या आवरणाला छिद्रं असतात आणि त्यांतून पदार्थांची ये-जा होते.’ पाठ्यपुस्तकातलंच वाक्य (केंद्रक म्हणजे पेशीतली डीएनए ठेवायची खोली), हात सवयीने लिहून गेला. त्यावर नऊ पत्रं आली. इतकी तर डासांवरच्या उत्तरालाही आली नव्हती. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवते. कोकमाच्या झाडाबद्दल विचारणाऱ्या केप्याच्या वाचकांनी कृपा करून महिनाभर थांबावं.

बाई, केंद्रकाला छिद्रं आहेत तर आतलं सगळं बाहेर का येत नाही? आत कुणाला सोडायचं हे ठरवतं कोण? आमच्या गावाला राखणदार आहे, तसा केंद्रकाला कोण? (अकरावी विज्ञानची विद्यार्थिनी, म्हार्दोळ)

राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, हा शब्द वाचून आधी हसले, मग जरा गप्पच झाले. हाच प्रश्न १९९४ च्या सुमारास फोंड्याच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारला होता. मी फळ्यावर वर्तुळ काढून त्याच्या कडेने ठिपके देत होते, चाळणीला असतात तसे. तो म्हणाला, ‘टीचर, भोकं आहेत तर गळत कसं नाही?’ मी म्हटलं, ‘परीक्षेला येत नाही ते.’ तो बसला. मला उत्तर ठाऊक नव्हतं. तेव्हा जगातल्या प्रयोगशाळांतही ते नुकतंच कुठे हाती लागत होतं, पण ही सबब मला आत्ता सुचते आहे. त्या दिवशी ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं.

तर आधी माझे ते ठिपके पुसून टाकू. केंद्रकाचं छिद्र म्हणजे नुसतं भोक नव्हे. ती प्रथिनांची एक प्रचंड बांधणी आहे. साधारण ३० प्रकारची प्रथिनं, प्रत्येक प्रकार आठाच्या पटीत, असे सगळे मिळून हजाराच्या घरात रेणू एकत्र येऊन एक कडं तयार होतं. वरून बघितलं तर आठ पाकळ्यांची रांगोळी. रुंदी सुमारे १२० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). वजनाने ते रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, पंचवीसपट तरी भरेल, आणि रायबोसोमही काही चिल्लर वस्तू नव्हे. आपल्या एका साध्या पेशीच्या केंद्रकावर अशी दोन-पाच हजार दारं असतात. यीस्टच्या पेशीत दोनशेच्या आसपास. आणि बेडकाच्या अंड्याच्या केंद्रकावर कोट्यवधी!

आता दाराच्या मध्यभागी या. तिथे फळी नाही, कडी नाही. कड्याच्या आतल्या प्रथिनांची लांब, सैल शेपटं मधल्या पोकळीत लोंबत असतात. नारळाच्या रसात सोडलेल्या शेवया डोळ्यांपुढे आणा. या शेवयांवर थोड्या थोड्या अंतराने फेनिलअॅलनिन आणि ग्लायसिन ही अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांची) जोडी येते. फेनिलअॅलनिनचं पाण्याशी पटत नाही, म्हणून ते आपल्यासारख्याच दुसऱ्याला चिकटू बघतं. पण पक्कं नाही. क्षणात धरलं, क्षणात सोडलं. असा हा सतत हलणारा गुंता दाराची पोकळी भरून टाकतो.

यातून पाणी, क्षार, साखर, एटीपी (पेशीचं इंधन) असले छोटे रेणू सहज जातात. प्रथिनांपैकीही ४० हजार डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप) आतली साधारण जाऊ शकतात. त्याहून मोठ्या प्रथिनाला गुंता आत घेत नाही. त्याला जाणीवपूर्वक कुणी अडवत नाही. त्याला शिरायला जागाच मिळत नाही.

तुझ्याच गावचं उदाहरण देते. म्हाळसेच्या देवळात जायांच्या पूजेला किती दाटी असते ते तू बघितलंच असशील. माझ्यासारखी परगावची बाई त्या गर्दीत एका खांबापाशी अडकली की अडकली. पण गावातली एखादी मुलगी डोक्यावर फुलांची पाटी घेऊन याच्या खांद्याला हात लाव, त्याला ‘बाजूक सर रे’ म्हण, असं करत दोन मिनिटांत गाभाऱ्यापाशी. गर्दी तीच, पण तिची सगळ्यांशी ओळख. पेशीत अशी ओळखपाळख असलेली प्रथिनं म्हणजे वाहक: आत नेणारी ती इम्पोर्टिन, बाहेर नेणारी एक्स्पोर्टिन. त्यांच्या अंगावर खाचा असतात, त्यांत शेवयांवरचं फेनिलअॅलनिन क्षणभर बसतं आणि सुटतं. असं करत करत ती काही हजारांश सेकंदांत पलीकडे निघतात, डोक्यावरच्या पाटीसकट. एका दारातून सेकंदाला हजारभर अशा फेऱ्या होऊ शकतात.

पाटीत कुणाला घ्यायचं हे कसं ठरतं? आत जायच्या प्रथिनाच्या साखळीत पत्ता लिहिलेला असतो. याचा पहिला स्पष्ट पुरावा १९८४ मध्ये माकडाच्या एका विषाणूच्या प्रथिनात मिळाला. अवघी सात अमिनो आम्लं: प्रोलिन, तीन लायसिन, आर्जिनिन, पुन्हा लायसिन, व्हॅलिन. यातलं एक विशिष्ट लायसिन बदललं की ते प्रथिन केंद्रकाबाहेरच राहतं. उलट हे सात मणी दुसऱ्याच कुठल्या प्रथिनाला ओवले की ते मुकाट्याने आत जातं.

इथपर्यंतचं आता बऱ्याच पुस्तकांत सापडतं. पण तुझ्या प्रश्नाचा गाभा पुढे आहे. गुंत्यातून वाहक जसा आत जातो तसाच बाहेरही येऊ शकतो. गुंता दोन्ही बाजूंना सारखाच ओळखीचा. मग आत न्यायचं सामान आतच का उतरतं? वाहक ते पुन्हा बाहेर का आणत नाही?

माझं माहेर कुंभारजुव्याच्या काठचं. खाजन शेतीच्या बांधावर आमची मानस होती. दक्षिणेकडच्या किंवा घाटावरच्या वाचकांसाठी सांगते: खाजन म्हणजे खाडीलगतची, भरतीच्या पातळीखालची शेतजमीन, आणि मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. जाड लाकडी फळी वरच्या तुळईला टांगलेली. भरतीला खाडीचं खारं पाणी फळीला दाबून धरतं, दार बंद. ओहोटीला आतलं पाणी वर राहतं, ते फळी ढकलून निघून जातं. लहानपणी मला वाटायचं की रात्री कुणीतरी येऊन दार उघडत असेल. बाबा म्हणाले, ‘दार काही करत नाही गो. दोन बाजूंचं पाणी किती उंच आहे ते बघ.’

केंद्रकाच्या दाराचंही तेच. दोन बाजूंना काय पातळी आहे ते बघायचं. इथे पाण्याच्या जागी आहे रॅन नावाचं एक छोटं प्रथिन. त्याची दोन रूपं. तीन फॉस्फेटचं जीटीपी (एटीपीसारखाच इंधनाचा रेणू) धरलेलं रॅन आणि दोन फॉस्फेटचं जीडीपी धरलेलं रॅन. पहिल्याला आपण ‘भरलेलं’ म्हणू, दुसऱ्याला ‘रिकामं’. रॅनला भरणारं प्रथिन आत डीएनएलाच चिकटून बसलेलं असतं. रॅनला रिकामं करायला लावणारं प्रथिन बाहेर, दाराच्या बाहेरच्या तंतूंना धरून असतं. त्यामुळे आत भरलेल्या रॅनची कायम भरती, बाहेर कायम ओहोटी.

आता फेरी बघ. इम्पोर्टिन बाहेर सामान उचलतं आणि गुंत्यातून आत येतं. आत आल्याबरोबर भरलेलं रॅन त्याला येऊन चिकटतं, आणि त्या धक्क्याने सामान सुटतं. इम्पोर्टिन रॅनला घेऊन बाहेर जातं. तिथे रॅन रिकामं होतं, इम्पोर्टिन मोकळं होतं, पुन्हा सामान उचलायला तयार. एक्स्पोर्टिनचं बरोबर उलट. ते भरलेलं रॅन सोबत असल्याशिवाय सामानाला हातच लावत नाही. म्हणजे आतच उचलणार, आणि बाहेर जाऊन रॅन रिकामं झालं की तिथेच टाकणार. बाहेर साचलेलं रिकामं रॅन परत आत आणायला वेगळा वाहक आहे, त्याचं तेवढंच काम. गुंता ओलांडायला इंधन लागत नाही. इंधन खर्च होतं ते दोन बाजूंचा फरक टिकवायला.

मानशीशी तुलना इथे थोडी लंगडी पडते, तेही सांगून टाकते. मानशीत पाणी स्वतः ढकलतं. केंद्रकाच्या दारात कुणी कुणाला ढकलत नाही. वाहक दोन्हीकडे भटकतच असतो, फक्त सामान एकाच बाजूला सुटतं.

आणि हे मी रचून सांगत नाही याचा दाखला. १९९९ मध्ये मॅक्सन्स नाचुरी आणि कार्स्टन वाइस यांनी पेशीचं बाहेरचं पटल रसायनाने सच्छिद्र केलं, केंद्रक शाबूत ठेवलं आणि बाहेरच्या द्रवात भरलेल्या रॅनची पातळी चढवली. भरती-ओहोटीची अदलाबदल! वाहतुकीची दिशा उलटली. दारं तीच, वाहक तेच.

तेव्हा बाळे, केंद्रकाला राखणदार नाही. तुमच्या गावच्या राखणदाराला रोट आणि विडी चुकवू नका, त्याच्याशी माझं काही भांडण नाही. पण पेशीत प्रत्येक ठिकाणी ‘कोण ठरवतं’ असं विचारायची आपल्याला खोड आहे, आणि ती मीच तीस वर्षं मुलांना लावली. मागच्या बाकावरचा तो मुलगा हे वाचत असेल तर त्याने मला पत्र टाकावं.

कांद्याच्या पापुद्र्यात ही छिद्रं शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून दाखवता येतील का? (विज्ञान शिक्षक, डिचोली)

नाही येणार, सर. भिंग कितीही महाग आणलं तरी साध्या प्रकाशाने सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसत नाहीत, आणि हे कडं १२० चं. आयोडीन घातलेल्या पापुद्र्यात केंद्रक पिवळसर तपकिरी ठिपक्यासारखं दिसेल, एका कडेला सरकलेलं. तेवढ्यावर मुलांची समजूत घाला. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये त्याला नाव दिलं तेव्हा त्यालाही तेवढंच दिसत होतं. तो ऑर्किडच्या पेशी बघत होता. आपल्या सत्तरी तालुक्यात आंब्याफणसावर लोंबणारी सीतेची वेणी त्याच कुळातली, हे मुलांना जरूर सांगा.

छिद्रं दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, १९५० मध्ये, कॅलन आणि टॉमलिन यांना. त्यांनी बेडकाच्या जातकुळीतल्या उभयचरांची अंडी घेतली. त्या अंड्यांतलं केंद्रक इतकं मोठं असतं की ते हाताने बाहेर काढून त्याचं आवरण सोलता येतं. कांद्यासारखंच, पण बोटांना सवय हवी.

पटल दुहेरी असतं असं मुलाच्या पुस्तकात आहे. मग छिद्र दोन्हींतून आरपार जात असेल तर मधल्या पोकळीतलं गळून जात नाही का? आणि पेशीचे दोन भाग होताना या आवरणाचं काय होतं? मी शिवणकाम करते, त्यामुळे हे डोक्यातून जात नाही. (गृहिणी, साखळी)

शिवणकाम करता, मग तुम्हाला उत्तर निम्मं ठाऊक आहे. दुहेरी कापडाला काज कसं करतो? दोन्ही थरांतून चीर देऊन तशीच सोडली तर थर सुटे होतात आणि आतला कापूस बाहेर येतो. म्हणून काजाच्या कडेला दोन्ही कापडं एकमेकांना बांधून घेतो. केंद्रकाच्या आवरणात नेमकं तेच. प्रत्येक छिद्राच्या कडेला बाहेरचं पटल वळून आतलं पटल होतं. मधली पोकळी, ३० ते ५० नॅनोमीटरची, कुठेही उघडी पडत नाही. म्हणजे दोन पटलं म्हणायची तरी कापड एकच, घडी घातलेलं.

हे कापड केंद्रकापाशी संपतही नाही. बाहेरचं पटल तसंच पुढे जाऊन पेशीभर पसरलेली आंतर्द्रव्यजालिका होतं. त्यावर तसेच रायबोसोम बसलेले. मुलाच्या पुस्तकात केंद्रक आणि जालिका दोन वेगळ्या रंगांत असतील. एका रंगात रंगवायला सांगा, मार्क गेले तर माझं नाव सांगा.

आतल्या बाजूला मात्र अस्तर आहे. कॉलरला आपण कॅनव्हास लावतो तसं. लॅमिन नावाच्या प्रथिनांच्या दोऱ्यांचं ते जाळं असतं, आणि केंद्रकाचा आकार त्याच्यामुळे टिकतो. छिद्रांची कडी याच अस्तराला अडकलेली असतात, म्हणून ती इकडेतिकडे वाहत जात नाहीत. डीएनएचे काही भागही त्याला टेकून असतात, आणि असे टेकलेले भाग बहुतेक गप्प असतात. त्यांतली जनुकं फारशी वाचली जात नाहीत. याशिवाय दोन्ही पटलांतून आरपार काही प्रथिनं टाके घातल्यासारखी असतात. त्यांचं एक टोक अस्तराला आणि दुसरं बाहेरच्या पेशीच्या सांगाड्याला. पेशी ताणली की केंद्रकाला ते कळतं.

आता दुसरा प्रश्न. आपल्या पेशीचं विभाजन सुरू झालं की हे सगळं उसवतं. अक्षरशः टाका न् टाका. लॅमिनच्या दोऱ्यांवर फॉस्फेट चिकटवले जातात, त्यामुळे त्या सुट्या होतात. छिद्रांची कडीही फॉस्फेट लागल्यावर तुकड्या-तुकड्यांनी सुटतात. पटल जालिकेत मिसळून जातं. गुणसूत्रं दोन बाजूंना गेली की जालिकेचंच कापड त्यांच्याभोवती पुन्हा गुंडाळलं जातं, त्यात कडी बसतात, फॉस्फेट काढले जातात, आणि अस्तर लागतं. फाडून टाकलेलं नाही, उसवून ठेवलेलं, त्यामुळे कापड वाया जात नाही. यीस्टसारख्या बुरशा मात्र एवढा खटाटोप करत नाहीत. त्या आवरण न उसवता आतल्या आतच वाटणी करतात.

गुंडाळायचं कुठे हे कापडाला कसं कळतं? इथे पुन्हा पहिल्या उत्तरातलं रॅन येतं. त्याला भरणारं प्रथिन गुणसूत्रांवर बसलेलं असतं ना? आवरण नसलं तरी ते तिथेच असतं. त्यामुळे गुणसूत्रांभोवती भरलेल्या रॅनचा एक ढग राहतो. १९८३ मध्ये बेडकाच्या अंड्यात विषाणूचा नुसता उघडा डीएनए टोचला, तर अंड्याने त्याभोवती केंद्रकासारखं आवरण शिवून टाकलं. पुढे २००० साली तर डीएनए वगळलाच. बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात रॅन लावलेले सूक्ष्म मणी सोडले, आणि त्या मण्यांभोवती छिद्रांसकट आवरण तयार झालं. आत काहीही नसताना! हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चहा गार झाला होता.

जिवाणूंना केंद्रकच नाही, तरी त्यांचं झकास चाललंय. मग आपल्याला हा सगळा थाट कशाला? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, फर्मागुडी)

आपला संदेश कच्चा निघतो म्हणून. जिवाणूत डीएनएवरून आरएनए लिहून होत असतानाच रायबोसोम तो वाचायला लागतात, लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून. आपल्या आरएनएत मध्ये मध्ये निरुपयोगी मजकूर असतो, तो कापून जोडाजोड करावी लागते. कापायच्या आधी कुणी वाचला तर भलतंच प्रथिन बनेल. रायबोसोम बाहेर आणि कापणारी यंत्रणा आत, म्हणून वाचन थांबून राहतं. शिवाय एखादं प्रथिन तयार ठेवून बाहेरच रोखून धरायचं आणि गरज पडली की आत सोडायचं, ही सोय वेगळीच. कॉर्टिसोलसारखं स्टिरॉइड पेशीत आलं की त्याचा ग्राहक रेणू बाहेरून केंद्रकात जातो आणि जनुकं चालू-बंद करतो. संधिवाताच्या किंवा दम्याच्या स्टिरॉइडच्या गोळीचं बरंचसं काम असंच चालतं.

माझा मुलगा इंग्लंडमधल्या स्विंडनला असतो, त्याने एमआरएनए लस घेतली. मी इथे कोविशील्ड. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत म्हणतात की त्याची लस केंद्रकात जाऊन डीएनए बदलते. खरं काय? (निवृत्त बँक कर्मचारी, सावईवेरे)

तुम्हाला जरा गंमत वाटेल असं उत्तर आहे. तुमच्या मुलाच्या लशीला केंद्रकात जायचं कारणच नसतं. तुमच्या लशीचा डीएनए मात्र केंद्रकात जातो. आणि दोघांच्याही गुणसूत्रांना काही होत नाही.

मुलाची लस म्हणजे वाचायला तयार असलेला संदेश. तो रायबोसोमनी वाचायचा असतो आणि रायबोसोम बाहेर. केंद्रकाची संदेशांची वाहतूकही एकतर्फी आहे. केंद्रकात बनलेला एमआरएनए बाहेर नेणारे वाहक वेगळे असतात, त्यांची दिशा थेट रॅनवर अवलंबून नसते. दाराच्या बाहेरच्या तोंडाशी एक प्रथिन टपून असतं. संदेश बाहेर आला की ते एटीपी खर्चून त्यावरचे वाहक सोलून काढतं. वाहकच राहिले नाहीत, तर मागे फिरणार कसा? लशीतल्या संदेशाला तर आत न्यायचा पत्ताही नाही. काही दिवसांत त्याचे तुकडे होऊन जातात.

तुमच्या कोविशील्डमध्ये चिंपांझीचा सर्दीच्या जातीतला विषाणू, अॅडिनोव्हायरस, वापरला आहे. त्याच्याकडे संदेश नसून डीएनए आहे, आणि डीएनएवरून संदेश लिहायची सोय केंद्रकातच. म्हणून हा विषाणू दारापर्यंत येतो, दाराला चिकटतो, त्याचं कवच तिथे फुटतं आणि डीएनए आत सरकतो. पण तो गुणसूत्रात शिवून टाकायची यंत्रणा या विषाणूकडे नाही. तो सुटाच राहतो.

शिवून टाकणारा विषाणू कोणता, तर एचआयव्ही. त्याचं शंकूच्या आकाराचं कवच रुंद टोकाला सुमारे ६० नॅनोमीटर. एवढं दारातून जाणार नाही असंच बरीच वर्षं मानलं जायचं. २०२१ मध्ये संसर्ग झालेल्या पेशी गोठवून त्यांची चित्रं घेतली तेव्हा अख्खं कवच दारात शिरलेलं दिसलं. दारही समजलं जायचं त्यापेक्षा रुंद निघालं. प्रयोगशाळेत पेशीबाहेर काढलेलं दार आकसत होतं, ते जिवंत पेशीत ताणलेलं असतं. म्हणजे माझ्या जुन्या वह्यांतला आणखी एक आकडा खोडावा लागला.

माझ्या भाच्याचे कोपर लहानपणापासून पूर्ण सरळ होत नाहीत, आता स्नायूही अशक्त आहेत. जनुक तपासणीत लॅमिन ए चा दोष निघाला. डॉक्टर हृदयतज्ज्ञाकडे जा म्हणतात. स्नायूंच्या आजाराला हृदयतज्ज्ञ कशाला? (वाळपई)

मी डॉक्टर नाही, पण एवढं ठामपणे लिहिते: जाच, आणि लवकर जा. वर साखळीच्या बाईंना सांगितलेलं केंद्रकाचं अस्तर ज्या प्रथिनांचं, त्यांतलं एक म्हणजे लॅमिन ए. सतत आकसणाऱ्या आणि ताण सोसणाऱ्या पेशींना, म्हणजे स्नायूंना आणि हृदयाला, त्याची उणीव जास्त जाणवते. या दोषाच्या रुग्णांत हृदयाचे ठोके चालवणारी विजेची वाट बिघडू शकते, कधी कधी काहीच त्रास जाणवत नसताना. काहींना पेसमेकर किंवा शॉक देणारं यंत्र बसवावं लागतं. म्हणून ईसीजी आणि पुढची तपासणी ठरावीक काळाने करत राहावी लागते. घरातल्या इतरांची तपासणी करायची का, हेही त्याच भेटीत विचारा.

तुम्ही पत्राच्या शेवटी ‘अकाली म्हातारपणाचा आजार हाच का’ असं घाबरून विचारलं आहे. तो हा नव्हे. जनुक तेच, दोष वेगळा. प्रोजेरियात त्या जनुकातलं एकच अक्षर बदलतं, हे २००३ मध्ये कळलं. त्या बदलामुळे प्रथिनातली ५० अमिनो आम्लं गळतात आणि एरवी कापून टाकली जाणारी स्निग्ध शेपटी तशीच राहते. ती आवरणाला चिकटून बसते आणि केंद्रक वेडंवाकडं फुगतं. ती शेपटी लागूच नये म्हणून दिलं जाणारं लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालं. तुमच्या भाच्याचा आजार वेगळा आहे, तेव्हा ते नाव इंटरनेटवर शोधत बसू नका.

आपल्या लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं असं शिकलो. मग रक्तात केंद्रक बघायचंच असेल तर? (नववीतला विद्यार्थी, मोरजी)

आपल्या लाल पेशी तयार होताना केंद्रक बाहेर टाकून देतात आणि त्यानंतर सुमारे १२० दिवस जगतात. दुरुस्तीला नवी प्रथिनं बनवता येत नाहीत, म्हणून मग मोडीत निघतात. माशांच्या, बेडकांच्या, पक्ष्यांच्या लाल पेशीत मात्र केंद्रक शाबूत असतं.

तू तर समुद्रावरच राहतोस. बांगड्याच्या कल्ल्याजवळचा रक्ताचा एक थेंब काचपट्टीच्या टोकाला घे, दुसऱ्या पट्टीच्या कडेने पातळ पसरव, वाळू दे, मग मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून दोन मिनिटांनी हलक्या पाण्याने धू. लांबट पेशीच्या मधोमध निळं केंद्रक दिसेल. फक्त बाजारातला बर्फात ठेवलेला बांगडा घेऊ नकोस, त्याच्या पेशी फुटलेल्या असतात. सकाळी रापण ओढतात तिथे काचपट्टी घेऊनच जा.